'आराम करा' म्हणणाऱ्यांविरुद्ध

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'माणसं, माती आणि काम : बरे होण्याचे शास्त्र'. शास्त्राकडे येतोच. त्याआधी माझी एक तक्रार ऐकून घ्या, घरी ती आता कुणी ऐकत नाही.

माझी बायपास झाली. इस्पितळाचं नाव सांगत नाही, ऑपरेशन उत्तम झालं. पण खिडकीतून दिसायची शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर ओळीने लावलेले एसीचे डबे. घरी सोडताना बजावलं, आराम करा. घरच्यांनी ते वेदवाक्य मानलं. मेथी निवडायला मागितली तर सूनबाई म्हणाली, ''बाबा, तुम्ही नुसते बसा.'' आता नुसता बसलेला माणूस काय करतो? नाडी मोजतो. भेटायला येणारे शहाळं आणायचे आणि कुणाचा तरी साडू बायपासनंतर कसा गेला ते साग्रसंगीत सांगायचे. (हशा) हसताय म्हणजे तुम्हीही कुठेतरी शहाळं घेऊन गेलेले दिसताय!

सुटका केली ती सोसायटीच्या सेक्रेटरींनी. ऑडिट तोंडावर आलं होतं, त्यांनी हिशेबाच्या वह्याच माझ्या पलंगावर आणून टाकल्या. ''तुम्ही मोकळेच आहात ना?'' त्यांना माझ्या तब्येतीशी काही देणंघेणं नव्हतं, हे आधी नोंदवून ठेवतो. टँकरच्या बिलांत घोळ सापडला आणि त्या रात्री मी नाडी मोजायची विसरलो. घोळ कुणाचा, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ते गृहस्थ व्याख्यानमालेचे वर्गणीदार आहेत. (हशा)

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे आनंदवन धावतच घ्यावं लागणार.

वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात 1951 साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी थोड्याशा कुष्ठरुग्णांना घेऊन काम सुरू केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी त्यांनी पिकवलेली भाजी गावात कुणी घेईना. पुढे त्याच हातांनी गावातल्या मुलांसाठी कॉलेजची इमारत बांधली. मला त्यातली बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. कुष्ठरोगात नसा मरतात, हात बधिर होतो. अवजाराचा दांडा किती आवळलाय ते कळत नाही, म्हणून तो जास्तच आवळला जातो. फोड येतो, दुखत नाही, काम चालूच राहतं आणि जखम हाडापर्यंत जाते. अशा माणसाला काम द्यायचं तर दांडा जाड आणि गुळगुळीत हवा, पायात मऊ रबराची चप्पल हवी. रोज हातपाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, फोड आलाय का ते बघायचं. नुसतं 'काम करा' म्हणून भागत नाही.

आणि जंतू औषधानेच मरतात, बरं का! पूर्वी क्षयाच्या रोग्याला चांगल्या हवेसाठी सॅनेटोरियममध्ये ठेवत. मद्रासला क्षयरोग्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 1959 साली आले : दाटीवाटीच्या घरांत राहून औषध घेणारेही सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले. मग त्या चांगल्या हवेचा, झाडांचा उपयोग काय? रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका इस्पितळाची जुनी कागदपत्रं तपासली होती. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण, तेवीसांना खिडकीतून झाडं दिसत, तेवीसांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा आहे, पण मला ती एसीची भिंत आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरी चिठ्ठी. उरलेलं एका दमात. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांनो, डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांखाली एक ओळ कामाचीही लिहा. किती उचलायचं, किती नाही, ते तुम्हीच ठरवा. काम चार माणसांत बसून करण्याजोगं असावं. आणि ते खरं असावं. आजोबांचा वेळ जावा म्हणून त्यांनी निवडलेल्या तांदळात पुन्हा खडे मिसळून देणारं घर मी पाहिलंय. आजोबांना ते केव्हाच कळलं होतं. सुनेला वाईट वाटू नये म्हणून निवडत होते.

अध्यक्षांचं भाषण व्हायचंय. मी बसतो.