लोड, गोधडी आणि वीस मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाला लगेच झोप येते असं नाही. अंग दमलेलं असतं, डोकं मात्र अजून मशीनवरच. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळाकडे बघत, बागेवर डावणी रोग येतो की काय या काळजीत बसलेल्या द्राक्षबागायतदाराचंही तेच. अशा डोक्याला ‘शांत हो’ म्हणून काही होत नाही. आधी अंगाला मोकळं करावं लागतं.

रिस्टोरेटिव्ह योग, म्हणजे उशा-लोडांच्या आधाराने करायची विश्रांतीची आसनं, नेमकं हेच करतो. हे नाव आपल्याकडे अमेरिकेतून आलं, पण त्याची मुळं शेजारच्या पुण्यात आहेत. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली तिथे योग शिकवायला आले. आजारी, अशक्त माणसालाही आसनात राहता यावं म्हणून त्यांनी लोड, पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरात आणल्या. त्यांच्याकडे शिकलेल्या ज्युडिथ हॅन्सन लॅसेटर यांनी पुढे अमेरिकेत या विश्रांतीच्या आसनांचा प्रसार केला.

यात ताणायचं काही नाही. उलट ताण जाणवला तर आधार कमी पडला असं समजायचं आणि आणखी एक उशी घ्यायची. सोफे आले आणि घराघरांतून लोड माळ्यावर गेले. ते आता खाली काढा. सतरंजीवर लोड पाठीच्या कण्याच्या रेषेत लांब ठेवून त्याच्या टोकाला टेकून बसा, मग पाठ आणि डोकं त्यावर टेकवत मागे झुका. तळपाय एकमेकांना जोडा, गुडघे बाजूला सोडा आणि दोन्ही मांड्यांखाली उशा सरकवा. हे आधाराचं सुप्त बद्धकोनासन. दहा-पंधरा मिनिटं तसंच पडून राहायचं. अंग थंड पडतं, म्हणून वर गोधडी हवीच. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत तर दोन घ्या. डोळ्यांवर सुती रुमाल.

दिवसभर उभं राहून पाय भरून आले असतील, तर भिंतीला पाय लावून निजा, कमरेखाली घडी घातलेली चादर. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बायकांनी पाठीवर सपाट निजण्याऐवजी डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडावं.

आता डोक्याचं काय? विचार येणारच. उद्याचा हप्ता, मुलाची परीक्षा, द्वारका चौकातला ट्रॅफिक. त्यांना हाकलू नका, फक्त श्वास सोडताना थोडा लांबवा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात; व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं ते काम. सगळ्या अंगाला आधार असला की स्नायूंनाही धरून ठेवायला काही उरत नाही. पहिली पाच मिनिटं मात्र चुळबुळ होते, आणि बहुतेक जण तिथेच उठतात. तेवढी काढा. डोळे मिटून पडल्यावर कुणाला घाबरंघुबरं झालं, तर डोळे उघडे ठेवून कुशीवर पडावं. तसं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

झोप लागली तर लागू द्या, गजर लावलेला असू दे. उठताना एकदम ताडकन नको, आधी कुशीवर वळा आणि हाताच्या आधाराने बसा. आणि सुरू करण्याआधी घरात सांगून ठेवा, की वीस मिनिटं कुणी येऊन ‘बरं वाटत नाही का?’ असं विचारायचं नाही.