बांधाचा निवाडा दर वर्षी करणारं गाव

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी इंग्लंडमधल्या एका लहानशा गावाबद्दल बोलणार आहे. गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशर परगण्यात, नेवार्क या बाजारपेठेच्या गावापासून वायव्येला, जड चिकणमातीच्या उंचसखल रानात ते वसलं आहे. वस्ती काही शे माणसांची. एक जुनं दगडी चर्च, एक पब, विटांची घरं, आणि गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या गढीचं मातीचं मोठं टेकाड. पण या गावाची खरी ओळख हवी असेल, तर घरं मागे टाकून शेतांकडे चालत जायला हवं.

इंग्लंडची शेतं म्हटलं की झुडपांच्या हिरव्या कुंपणांनी आखलेले चौकोन डोळ्यांपुढे येतात. लॅक्स्टनच्या शिवारात तीन भलीमोठी उघडी रानं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. आत कुंपण नाही, तार नाही. या रानांत लांबच लांब पट्टे पाडलेले आहेत आणि एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले आहेत. आपली हद्द कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते, हे सांगायला जमिनीत ठोकलेला एक लाकडी खुंट असतो, बस्स.

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती याच पद्धतीने होत असे. चिकणमातीत नांगर ओढायला सहा-आठ बैल लागत. एवढे बैल एका कुटुंबाकडे कुठून असणार? म्हणून चारचौघांनी मिळून औत जोडायचं आणि सगळ्यांचे पट्टे नांगरायचे. पट्टे विखुरलेले असल्याने उताराची जमीन, पाणथळ जमीन, कसदार जमीन सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी यायची. पट्टे लांब ठेवायचं कारणही सोपं होतं. बैलांची एवढी मोठी जोडणी वळवणं त्रासाचं, म्हणून वळणं जितकी कमी तितकं बरं. आपण आजही जो एकर मोजतो, त्याचं जुनं माप 220 यार्ड लांब आणि 22 यार्ड रुंद अशा पट्ट्याचं होतं. आपले 40 गुंठे तेवढेच भरतात.

पिकांचा फेर तीन वर्षांचा. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक. पडीक रानावर पूर्वी गावची गुरं-मेंढरं चरत आणि त्यांच्या खतावर जमिनीचा कस भरून येई. पुढच्या वर्षी फेर एक घर पुढे सरके. म्हणजे माझ्या पट्ट्यात मी काय पेरायचं, हे मी एकटा ठरवू शकत नव्हतो. शेजाऱ्याचा गहू उभा असताना माझी गुरं तिथे सोडता येत नव्हती. गावाने एकत्र बसून ठरवायचं आणि सगळ्यांनी पाळायचं.

1635 साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावचा एक मोठा नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यावर पट्टा न् पट्टा दाखवला आहे, दोन हजारांहून जास्त. मला तो नकाशा फार मोलाचा वाटतो, कारण त्यात माणसं चितारलेली आहेत. नांगरणारे, कापणी करणारे, अगदी चिमुकले. मोजणीच्या कागदावर राबणाऱ्या माणसाला अशी जागा मिळालेली क्वचितच दिसते.

बाकीच्या इंग्लंडमध्ये ही पद्धत मोडली ती कायद्यांनी. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने जमिनी कुंपणबंद करणारे 5,200 हून जास्त कायदे केले. त्यांतून सुमारे 68 लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी अधिक, सामायिक हक्कांतून निघाली आणि एकेका मालकाच्या स्वतंत्र ताब्यात गेली. शेती सुधारली, उत्पन्न वाढलं, हे खरं. पण ज्यांच्याकडे एक गाय आणि गायरानावर चरायचा हक्क एवढंच होतं, त्यांचं काय झालं? त्यांतले कितीतरी जण मजूर झाले. त्या हिशेबात हे नुकसानही धरलं पाहिजे असं मला वाटतं.

लॅक्स्टन मात्र या लाटेतून वाचलं. अगदी जसंच्या तसं नव्हे. चौथं एक रान होतं, ते कुंपणबंद झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदाराने अनेक लहान पट्टे जोडून मोठे केले, त्यामुळे आज पट्ट्यांची संख्या दोनशेच्याही आत आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, पडीक रानात चाऱ्याची पिकं आली. पण तीन रानं, तीन वर्षांचा फेर आणि ते चालवणारी गावची व्यवस्था टिकून आहे. त्या व्यवस्थेसाठीच मी आज तुमच्यापुढे आलो आहे.

श्रोतेहो, बांध कोरणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. नांगराचं एक तास यंदा शेजाऱ्याच्या बाजूला सरकवायचं, एक तास पुढच्या वर्षी. मग मोजणीचा अर्ज, मोजणीवर हरकत, मग दिवाणी दावा. बापाने दाखल केलेल्या दाव्याच्या तारखा मुलगा करत राहतो, आणि बांधाला बांध असलेल्या दोन घरांत लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही. आणि आपल्याकडे तर मध्ये मातीचा बांध तरी असतो. लॅक्स्टनच्या पट्ट्यांमध्ये तोही नाही. मग तिथे काय करतात?

दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले बारा शेतकरी ज्युरी, म्हणजे पंच, म्हणून निघतात. त्या वर्षी ज्या रानात हिवाळी गहू पेरलेला असतो, ते रान त्यांनी तपासायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ते रानात जातात, मग पायी उतरतात. पट्ट्यापट्ट्याची हद्द बघतात, खुंट हलला असेल तर जागेवर नवा ठोकतात. कुणी रस्त्यात नांगर घातला आहे का, कुणी सामायिक गवताची कड फोडली आहे का, कुणाची चारी तुंबली आहे का, हे पाहतात. तपासणारे आणि ज्यांची जमीन तपासायची ते, दोघंही त्याच मातीतले. कुठल्या कडेला काल काय होतं हे त्यांना कागदाविना माहीत असतं. आणि ज्याचा पट्टा आज तपासला, तो उद्या ज्युरीत बसून यांचा पट्टा तपासणार असतो. माझ्या मते या व्यवस्थेचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे.

साधारण आठवड्याने गावच्या पबमध्ये, डव्हकोट इनमध्ये, कोर्ट भरतं. त्याला कोर्ट लीट म्हणतात. जमीनदाराच्या इस्टेटीने नेमलेला स्टुअर्ड, म्हणजे कारभारी, ते चालवतो, ज्युरी आपला अहवाल देते आणि ज्याने हद्द ओलांडली त्याला सगळ्यांसमोर दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत आपलं नाव पुकारलं जाणं कुणाला आवडेल? हंगाम उलटायच्या आत विषय मिटतो. तो दुसऱ्या पिढीपर्यंत जात नाही.

याला कुणी नुसता जुना उत्सव समजू नये. 1977 च्या एका कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या कोर्टांचे न्यायाधिकार काढून घेतले. त्यातून जी अगदी मोजकी वगळली, त्यांत लॅक्स्टनचं कोर्ट आहे. त्याच्या निवाड्याला आजही कायद्याचा आधार आहे.

गवताच्या ज्या कडांचा मी उल्लेख केला, त्यांना तिथे साइक म्हणतात. ओघळीच्या, नांगराला न जुमानणाऱ्या या जागा शतकानुशतकं मोडल्याच गेल्या नाहीत, म्हणून तिथे रानफुलांची समृद्धी आहे आणि त्यांना निसर्गसंरक्षणही मिळालं आहे. तिथल्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. मोकाट जनावरं कोंडवाड्यात घालणाऱ्या माणसाचाही तिथे जुना हुद्दा आहे, त्याला पिंडर म्हणतात.

या शेतीचा ठसा गावाच्या घरांवरही उमटला आहे. जमीन तीन दिशांना विखुरलेली असल्याने मळ्यात घर बांधून कुणाचंच भागत नव्हतं. त्यामुळे शेतकरी गावठाणातच राहिले, रस्त्याच्या कडेला ओळीने, घरामागे गोठे आणि खळी. कुंपणबंदी झालेल्या गावांतून शेतकरी आपापल्या रानात राहायला गेले आणि गाव पांगलं. लॅक्स्टनमध्ये सकाळी ट्रॅक्टर घेऊन निघालेला माणूस शेजाऱ्याच्या दारावरूनच जातो.

आता मालकीचं. लॅक्स्टनचे बहुतेक शेतकरी कुळं आहेत. जमीन पूर्वी अर्ल मॅनव्हर्स यांच्या थोर्सबी इस्टेटीची होती. 1952 साली ही शेती जपली जावी म्हणून सरकारच्या कृषी खात्याने ती विकत घेतली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेच्या नावावरची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली आणि 2020 मध्ये पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे आली. मालक बदलला की कुळांच्या मनात काय काय येतं, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजेल. लहान शेती, विखुरलेले पट्टे, गावाने घालून दिलेला पिकांचा फेर, यात पैसा फार सुटत नाही. नवी पिढी हा व्याप अंगावर घेत राहिली तरच तिन्ही रानं उघडी राहतील. म्हणून त्या कोर्टातलं एक काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दंड ठोठावून झाले, हिशेब झाले की त्याच बैठकीत पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. पुढच्या नोव्हेंबरात पुढच्या रानात गहू उभा असेल, आणि तिथे खुंट ठोकायला कोण जाणार, ती नावं आधीच ठरलेली असतात.

नमस्कार.