मीट अँड थ्री : खरी परीक्षा भाज्यांची

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत ‘मीट अँड थ्रीमध्ये काय मागवावं’ असं छापलंय, आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी कॉर्नब्रेडबद्दल, म्हणजे मक्याच्या पिठाच्या ब्रेडबद्दल बोलू द्या. या खाणावळींचं निम्मं भवितव्य तिथेच ठरतं.

तुम्ही सगळे अटलांटात राहणारे. तेव्हा फळ्यावरून एक मांसाचा पदार्थ आणि तीन ‘भाज्या’ निवडायच्या, सोबत कॉर्नब्रेड किंवा बिस्किट (इथलं, म्हणजे छोटा मऊ पाव) आणि बर्फ घातलेला गोड चहा, हे तुम्हाला ठाऊक आहे. मॅकरोनी अँड चीज भाज्यांच्या यादीत असतं, हेही आता पचनी पडलं असेल! या पद्धतीचं माहेर म्हणून नॅशव्हिलचं नाव घेतात. पण अलाबामात बर्मिंगहॅमच्या आसपास ग्रीसहून आलेल्या कुटुंबांनी अशा कितीतरी खाणावळी चालवल्या. बेसेमरची ‘ब्राइट स्टार’ १९०७ सालची. आपल्या शहरातली ‘बिझी बी’ लुसी जॅक्सन यांनी १९४७ साली काढली. गोऱ्यांच्या हॉटेलांची दारं काळ्या माणसांना बंद होती तो हा काळ. मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवत असत.

माझं म्हणणं असं, की नावात ‘मीट’ पहिलं असलं तरी खाणावळ जोखायची ती ‘थ्री’वरून. कोंबडी चांगली तळणारे पुष्कळ सापडतात. पालेभाजी आणि कॉर्नब्रेड दोन्ही साधणारे फार थोडे.

आता माझी तक्रार. कॉर्नब्रेडच्या नावाखाली हल्ली सर्रास पिवळा केक वाढतात. पूर्वी दक्षिणेत मका शेतातच पुरता वाळू देत आणि दगडी जात्यावर दळत. पिठात अंकुर राहायचा, मक्याची चव त्यातच असते. मग पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या. अंकुर काढल्यावर पीठ महिनोन् महिने टिकायला लागलं, पण चव गेली आणि ती भरून काढायला साखर आली. अनेक काळ्या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चमचाभर साखर घालतात. त्या चमच्याशी माझं भांडण नाही. निम्मा मैदा आणि वाटीभर साखर घालून त्याला कॉर्नब्रेड म्हणण्याशी आहे.

साधं प्रमाण लिहून घ्या. जात्यावर दळलेलं पांढऱ्या मक्याचं पीठ दोन कप, म्हणजे साधारण २८० ग्रॅम. मीठ एक चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा. दोन अंडी आणि पावणेदोन कप बटरमिल्क. इथलं बटरमिल्क दाट असतं. आपलं पातळ ताक तेवढंच ओतलंत तर पीठ वाहेल, त्यापेक्षा दही थोडं पाणी घालून फेटा. २५ सेंटीमीटरच्या बिडाच्या स्किलेटमध्ये, म्हणजे खोलगट तव्यात, तीन मोठे चमचे बेकनची चरबी, आणि ती स्किलेट ४५० अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं. मग कोरडं आणि ओलं एकत्र करायचं, त्याआधी नाही. सोडा आणि ताकाची गाठ पडली की वायू सुटायला लागतो, पीठ ठेवून दिलं की ब्रेड बसका होतो. पीठ ओतताना चर्रर्र आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर स्किलेट थंड आहे, ब्रेड खाली चिकटेल आणि कड कुरकुरीत होणार नाही. वीस ते पंचवीस मिनिटांत काम होतं. एवढ्या आचेला भरपूर साखर घातलेलं पीठ आतून शिजण्याआधी बाहेरून करपतं. म्हणून गोडवाले आच कमी करतात, आणि आच कमी झाली की कड गेली. म्हणजे साखर नुसती चव बदलत नाही, सगळी रीतच बदलते. आणि असं जात्यावरचं पीठ फ्रीझरमध्ये ठेवा, अंकुरातल्या तेलामुळे त्याला लवकर खवट वास येतो.

आता पॉटलिकर. कोलार्डची, म्हणजे कोबीच्या कुळातल्या पालेभाजीची, पानं शिजवून उरलेलं पाणी. १९३१ साली या पाण्यावरून मोठा वाद पेटला. लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणाले, कॉर्नपोन, म्हणजे मक्याच्या पिठाचा साधा ब्रेड, त्यात बुडवून खावा. आपल्या ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या वर्तमानपत्राचे ज्युलियन हॅरिस म्हणाले, छे, कुस्करून खावा. कित्येक दिवस वर्तमानपत्रांचे रकाने त्यावर खर्ची पडले. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर रूझवेल्ट यांनीही त्यात तोंड घातलं. पुढे १९३५ मध्ये सिनेटमध्ये पंधरा तासांहून अधिक वेळ भाषण करून किल्ला लढवताना लाँग यांनी पॉटलिकरची कृतीसुद्धा सांगितली! मी कुस्करणाऱ्यांच्या बाजूचा. कालवणात भाकरी कुस्करून खाल्लेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. आपल्या अटलांटातल्या ‘मेरी मॅक्स’ या खाणावळीत पहिल्यांदा येणाऱ्याला पॉटलिकरची वाटी आणि कॉर्नब्रेड फुकट देण्याची प्रथा आहे, जरूर मागा. हे पाणी टाकून देऊ नये याला कारण आहे. पाल्यातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं आणि क्षार त्यातच उतरतात.

पाणी बिघडतं कुठे? पानांत रेती असते. पसरट भांड्यात पाणी घेऊन तीन वेळा धुवायची, आणि दर वेळी पानं वर उचलून घ्यायची. पाणी ओतून दिलं तर खाली बसलेली रेती पुन्हा पानांवर येते. मधला जाड देठ काढायचा. खारवलेला, धुरी दिलेला हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा) आधी दीड तास एकटाच उकळायचा, मग पानं घालून पाऊण ते एक तास. मीठ शेवटी, कारण हॉकचं मीठ पाण्यात उतरत असतं आणि पाणी आटतही असतं. सुरुवातीला मीठ घालणारे हमखास फसतात. मिरच्यांचं व्हिनेगर ताटात, वरून.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा पत्रिकेतला विषय आता भराभर.

साडेअकराला जा, दीडला नको. पदार्थ वाफेच्या टेबलावर ठेवलेले असतात. तळलेली भेंडी आणि कोंबडी तिथे अर्ध्या तासात मऊ पडतात. कोलार्ड, चवळी, बटर बीन्स मात्र मुरतात. उशीर झालाच तर तळलेलं सोडा आणि मंद शिजलेलं घ्या.

फळ्यावर वारानुसार मांस बदलत असेल तर ते शुभलक्षण. रोज पंचवीस पदार्थ तेच ते असतील तर बरंचसं डब्यातलं किंवा गोठवलेलं असण्याचा संभव जास्त.

तीन भाज्या तीन जातींच्या निवडा. एक पालेभाजी, एक शेंग किंवा दाणा, आणि एक आंबट किंवा कच्ची, म्हणजे कोबीची स्लॉ, मुरवलेलं बीट किंवा उन्हाळ्यात टोमॅटोच्या चकत्या. मॅकरोनी, क्रीम घातलेला मका आणि बटाटा एकत्र घेतलात तर तिसऱ्या घासाला सगळं एकच लागतं.

आणि जे शाकाहारी आहेत त्यांनी नीट ऐका. फळ्यावर ‘व्हेजिटेबल प्लेट’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. कोलार्डमध्ये हॉक, फरसबीत बेकन, चवळीत डुकराचं खारं मांस, बिस्किटात लार्ड म्हणजे डुकराची चरबी, कॉर्नब्रेडमध्ये बेकनची चरबी असू शकते. ‘मांस आहे का’ असं विचारलंत तर ‘नाही’ म्हणतील, कारण तुकडा काढून ठेवलेला असतो. ‘कशाबरोबर शिजवलंय’ असं विचारा. भेंडी बहुधा कोंबडीच्याच तेलात तळलेली असते, तेही विचारा. स्लॉ, बीट, टोमॅटो हे त्यातल्या त्यात सुरक्षित. हल्ली काही ठिकाणी कोलार्ड धुरी दिलेल्या टर्कीबरोबर शिजवतात, तुमच्या दृष्टीनं तेही मांसच. काउंटरपलीकडच्या बाईंना नम्रपणे विचारलंत की त्या स्वतः आत जाऊन पाहून येतात. तेवढ्यात कॉर्नब्रेडची पुढची स्किलेट कधी निघणार तेही विचारून ठेवा.