फुंकरीचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीच्या नाकाबंदीत हवालदार तोंडापुढे नळी धरतो आणि म्हणतो, "फुंका." आज मला त्या फुंकरीमागच्या माणसाबद्दल बोलायचं आहे. त्यांचं नाव रॉबर्ट बोर्केनस्टाइन.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, फोर्ट वेन इथे १९१२ साली त्यांचा जन्म झाला. मंदीच्या दिवसांत कॉलेज परवडलं नाही, म्हणून ते फोटोग्राफीतले तंत्रज्ञ झाले आणि १९३६ मध्ये राज्याच्या पोलीस दलात लागले.

तेव्हा पोलीस चालकाच्या तोंडाचा वास घ्यायचे, त्याला सरळ रेषेवर चालायला लावायचे. कोर्टात पोलीस म्हणणार, झिंगला होता. चालक म्हणणार, थकलो होतो. खरं कोणाचं? प्राध्यापक रोला हार्गर यांचा, श्वासातलं अल्कोहोल तपासणारा 'ड्रंकोमीटर' आला होता, त्यात फुगा फुगवावा लागे. बोर्केनस्टाइन यांनी हार्गर यांच्याबरोबर काम केलं आणि १९५४ मध्ये सुटसुटीत 'ब्रेथलायझर' बनवला.

त्यात श्वासाची ठरावीक मात्रा काचेच्या कुपीतल्या पिवळ्या द्रावणातून जाते. सल्फ्युरिक आम्लातलं पोटॅशियम डायक्रोमेट ते. श्वासात अल्कोहोल असेल तर पिवळा रंग फिका पडतो. किती फिका पडला, हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. शेजारच्या बंद कुपीशी ताडून फोटोसेल, म्हणजे उजेड टिपणारे विजेचे भाग, ते सांगतात. उजेड मोजणं म्हणजे फोटोवाल्याच्या हातचा मळ! मला मोलाचं वाटतं ते हे की, न प्यायलेला माणूसही आता आकडा दाखवून सुटू शकत होता.

१९५८ मध्ये ते पोलिसांतून निवृत्त झाले. त्याच वर्षी, वयाच्या शेहेचाळिशीत, पदवी मिळवली आणि इंडियाना विद्यापीठात पोलीस प्रशासन विभागाचे प्रमुख झाले. पुढे ग्रँड रॅपिड्स शहरात अपघात झालेल्या आणि न झालेल्या हजारो चालकांची तुलना करून त्यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं, की रक्तातलं अल्कोहोल वाढतं तसा अपघाताचा धोका झपाट्याने चढतो. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. आजच्या हातातल्या यंत्रांत ती पिवळी कुपी नाही. पण हवालदार अजून म्हणतो, "थांबू नका, फुंकत राहा." कारण रक्ताचा हिशेब तोंडातल्या हवेवरून लागत नाही, त्यासाठी फुप्फुसाच्या तळातली, फुंकरीच्या शेवटी येणारी हवा लागते.