कार्लोवा कोरुना : एक वर्तुळ, तीन चौरस

(दृश्य : आकाशातून टेकडी, बाग आणि मधोमध राजवाडा)

चेक राजधानी प्रागच्या पूर्वेला, त्सिद्लिना नदीकाठी ख्लुमेत्स हे छोटं गाव आहे. तिथल्या टेकडीवरचा किन्स्की या सरदार घराण्याचा हा राजवाडा आधी असा वरूनच पाहायला हवा. मध्ये एक वर्तुळ आणि त्याला सारख्या अंतरावर जोडलेले तीन चौरस. एवढाच आराखडा!

बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपातली भपकेबाज शैली, म्हटलं की सोनेरी मुलामा आणि नक्षीची दाटी आठवते. इथला खरा थाट भूमितीचा आहे. मोठमोठे सरदार लांबच लांब महाल बांधत होते, त्या काळात, १७२१ ते १७२३ मध्ये ही आटोपशीर वास्तू उभी राहिली. धाडसाच्या बाबतीत ती त्यांतल्या अनेकांना मागे टाकते.

ही कल्पना वास्तुविशारद यान ब्लाझेय सान्तिनी यांची. प्रागमध्ये १६७७ साली, मूळच्या इटालियन पाथरवट घराण्यात जन्म. शरीर अधू, त्यामुळे वडिलांचा व्यवसाय पुढे नेता आला नाही. पण झ्दारजवळचं पाच टोकांच्या ताऱ्यासारखं यात्रेचं चर्च त्यांनीच रचलं. आज ते जागतिक वारसास्थळ आहे. ख्लुमेत्सचं बांधकाम पाहिलं वास्तुविशारद कान्का यांनी. काम संपलं त्याच वर्षी, डिसेंबरात सान्तिनी वारले.

(दृश्य : संगमरवरी दिवाणखाना, कॅमेरा हळूहळू वर)

वर्तुळाच्या पोटात दोन मजली उंचीचा हा दिवाणखाना. बाहेरून पाहिलं तर हाच गोल भाग तिन्ही चौकोनी दालनांच्या वर डोकं काढतो, आणि मुकुटाचा भास होतो. सप्टेंबर १७२३ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याचा प्रागमध्ये बोहेमियाचा, म्हणजे चेक प्रदेशाचा, राजा म्हणून राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी तो इथे पाहुणा आला, आणि त्याच्या सन्मानार्थ राजवाड्याला नाव मिळालं कार्लोवा कोरुना, चार्ल्सचा मुकुट.

याच गावाची दुसरी आठवण मात्र रक्ताची आहे. दुष्काळ आणि वेठबिगारीने पिचलेले शेतकरी १७७५ च्या मार्चमध्ये ख्लुमेत्सजवळ सैन्यापुढे उभे ठाकले. त्यांचा पाडाव झाला, काही जण तळ्यात बुडाले. आपण ‘पानिपत झालं’ म्हणतो, तसं चेक माणूस आजही ‘ख्लुमेत्सच्या शेतकऱ्यांसारखी गत झाली’ म्हणतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेव्हाची राणी मारिया थेरेसा हिने फर्मान काढून वेठबिगारीवर मर्यादा घातली. कोणत्याही राजवाड्याची गोष्ट त्याच्या भिंतींपाशी संपवू नये, ती यासाठी.

किन्स्कींचे घोडेही नामांकित. इथल्याच पागेतल्या नोर्मा या घोडीवर स्वार होऊन लाता ब्रांदिसोवा यांनी १९३७ साली पार्दुबित्सेची अवघड अडथळ्यांची शर्यत जिंकली. ती जिंकणारी आजवरची ती एकमेव स्त्री.

१९४३ च्या आगीत राजवाड्याचं मोठं नुकसान झालं. पुढे तो दुरुस्त झाला, आणि कम्युनिस्ट राजवट गेल्यावर किन्स्की घराण्याला परत मिळाला. इथे आलात तर लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. दालनं एकामागून एक समोर येतात, मागे सरतात, आणि सान्तिनींचा आराखडा पायांनाही कळू लागतो.