अठरा रेणूंचं कडं

(दृश्य : खिडकीतली काचेची बरणी. कॅमेरा तळापासून हळूहळू वर.)

ही बरणी आठ आठवडे या खिडकीत आहे. आत तळ्याकाठचा चिखल, वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, अंड्याचा बलक, थोडी खडूची पूड आणि वर बोटभर पाणी. पहिल्या दिवशी सगळं एकसारखं करडं होतं. आता रंग बघा. तळाशी काळा, त्यावर शेवाळी हिरवा पट्टा आणि त्याच्याही वर हा गडद, जांभळट लाल. आम्ही वरून काहीही रंग घातलेला नाही. चिखलात जे आधीपासून होतं, तेच वाढलं. झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास येतो. त्या वासामुळेच लोक अशा चिखलापासून लांब राहतात, आणि आपली गोष्ट, या लाल पट्ट्यातले जिवाणू उजेड कसा पकडतात त्याची, नेमकी त्या वासापासूनच सुरू होते.

आणखी एक लक्षात ठेवा : रंग फक्त खिडकीच्या बाजूला चढला आहे. भिंतीकडची बाजू अजून करडीच आहे.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पोहणाऱ्या पेशी.)

लाल पट्ट्यातला एक थेंब. हे जांभळे गंधक जिवाणू. पेशीच्या आत चमचमणारे दाणे दिसतात ना, ते गंधकाचे. झाडं पाणी फोडतात आणि ऑक्सिजन बाहेर टाकतात. हे जिवाणू पाण्याला हात लावत नाहीत. ते हायड्रोजन सल्फाइड घेतात, म्हणजे तो सडक्या अंड्याचा वायू, आणि मागे गंधक उरतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी १९३०च्या सुमारास हे दोन्ही व्यवहार एकाच समीकरणात मांडले आणि म्हणाले, ज्या अर्थी इथे गंधक हायड्रोजन सल्फाइडमधून येतं, त्या अर्थी झाडांचा ऑक्सिजनही पाण्यातूनच येत असणार. त्यांचं म्हणणं खरं निघालं. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनचा उगम या वास मारणाऱ्या चिखलाने सांगितला. हे किती जणांना माहीत असतं?

(दृश्य : तोच थेंब. अर्ध्या भागावर सावली.)

आता या पेशीकडे बघत राहा. ती उजेडातून सावलीकडे चालली आहे... कडेपाशी आली... थबकली, आणि उलटी फिरली. उजेड तिला ओढत नाही. अंधार लागला की ती माघारी येते, एवढंच. पण एवढ्यानेच थोड्या वेळात सगळ्या पेशी उजेडात जमतात.

थिओडोर एंगेलमान यांनी १८८३ मध्ये हेच पाहिलं आणि पुढची एक युक्ती केली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबावर इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा पाडला. जिवाणूंची सर्वांत दाट गर्दी झाली ती लाल रंगाच्याही पलीकडे, जिथे माणसाच्या डोळ्याला काहीच दिसत नाही. अवरक्त किरणांत. डोळ्याला अंधार वाटणाऱ्या जागेत उजेड आहे, हे त्या जिवाणूंनी गर्दी करून दाखवलं.

(दृश्य : अंधारी खोली. अवरक्त कॅमेऱ्यातलं करडं चित्र. टेबलावर एक पान आणि एक बाटली.)

हा प्रयोग आम्ही दुसऱ्या तऱ्हेने केला. खोली पूर्ण अंधारी. रात्री पाहणाऱ्या सुरक्षा कॅमेऱ्यांना बहुधा असतो तसाच ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त दिवा. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) झाडाचं पान बघा, बर्फासारखं पांढरं दिसतं. त्याला हा प्रकाश नकोच आहे, ते तो परतवून लावतं. आणि शेजारची बाटली काळीकुट्ट. दिवसा हीच बाटली लालभडक दिसते. आत रोडोब्लास्टस ॲसिडोफिलस नावाचा जांभळा जिवाणू वाढवलेला आहे, आणि हा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश तो पिऊन टाकतो.

यात शहाणपण आहे. तळ्यात वर शेवाळ असतं. लाल आणि निळा प्रकाश ते आधीच घेतं. खाली झिरपतं ते त्याचं उरलंसुरलं, आणि या जिवाणूंचा सगळा संसार त्याच्यावर चालतो.

(दृश्य : परीक्षानळी. गाळणकागदावर चढणारे रंगांचे पट्टे. शेजारी संगणकावर आलेख.)

पण हा प्रकाश ते पकडतात कशाने? पेशी द्रावकात विरघळवल्या, कागदाची पट्टी बुडवली. वर चढले ते नारिंगी, गुलाबी पट्टे कॅरोटिनॉइडचे, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या कुळातल्या रंगद्रव्यांचे. जिवाणूचा लाल रंग त्यांचा. हा निळसर पट्टा मात्र खरा मानकरी आहे : बॅक्टेरिओक्लोरोफिल, जिवाणूंचं हरितद्रव्य.

आता आलेख नीट बघा, कारण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. द्रावकात मोकळं असलेलं हे रंगद्रव्य ७७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. जिवंत पेशीत मात्र दोन शिखरं दिसतात, एक ८०० ला आणि एक ८५० च्या जवळ. रंगद्रव्य तेच, रेणू तोच, अणूसुद्धा बदललेला नाही. मग फरक कशाचा? शेजाऱ्यांचा. रेणू कुणाजवळ बसला आहे, किती जवळ, कोणत्या कोनात, यावर तो कोणता प्रकाश घेणार हे ठरतं.

(दृश्य : संगणकावरची प्रतिकृती, सावकाश फिरणारं कडं.)

ही बैठक १९९५ मध्ये ग्लासगोच्या गटाने उलगडली, याच जिवाणूच्या प्रथिनाचे स्फटिक करून. प्रकाश गोळा करणाऱ्या या प्रथिनाचं नाव एलएच-२. घेर गोल, हातातल्या कड्यासारखा, आणि रुंदी जेमतेम ७ नॅनोमीटर. एका अंगाला ९ बॅक्टेरिओक्लोरोफिल, आडवे, एकमेकांपासून मोकळे. ते ८०० चं शिखर. दुसऱ्या अंगाला १८ रेणू, उभे, एकाला एक खेटून. शेजारच्या दोघांत १ नॅनोमीटरही अंतर नाही. ते इतके जवळ आहेत की ऊर्जा एकट्या रेणूची राहत नाही, ती काही रेणूंची मिळून होते. हे ८५० चं शिखर. मधून कॅरोटिनॉइड ओवलेले. ते निळा-हिरवा प्रकाश पकडून आत देतात आणि प्रखर उजेडात रंगद्रव्य जळू देत नाहीत. १९५५ मध्ये कॅरोटिनॉइड नसलेल्या जिवाणूंवर प्रयोग झाला होता. उजेड आणि ऑक्सिजन एकत्र मिळताच ते मेले.

(दृश्य : सतारीच्या तारा, जवळून. मग पुन्हा प्रतिकृती.)

सतारीची वरची तार छेडली की खालची तरफेची तार आपोआप घुमते. तिला कुणी हात लावत नाही, सूर जुळलेला असला की पुरे. ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर जाते ती साधारण अशीच. मधे प्रकाश बाहेर पडत नाही, इलेक्ट्रॉनही हलत नाही. पण अंतराचा हिशोब फार कडक आहे. अंतर दुप्पट झालं तर वेग ६४ पटींनी पडतो.

आणि घाई आहे. प्रकाश शोषलेला रेणू ती ऊर्जा सुमारे १ नॅनोसेकंदच धरून ठेवू शकतो. मग ती उष्णता होऊन जाते, नाहीतर मंद चमक होऊन. म्हणून वेळ बघा. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद; असे हजार मिळून एक नॅनोसेकंद. ८०० च्या रेणूंकडून ८५० च्या कड्यात ऊर्जा जायला साधारण १ पिकोसेकंद. तिथून शेजारच्या मोठ्या कड्यात, ८७५ नॅनोमीटरच्या एलएच-१ मध्ये, आणखी ३ ते ५. ८००, ८५०, ८७५ : तरंगलांबी वाढते तशी ऊर्जा कमी होते, म्हणून प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडी खालची. थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, आणि त्या किमतीत परतीची वाट अवघड होते.

शेवटची उडी सर्वांत संथ, ३५ ते ५० पिकोसेकंद. मोठ्या कड्याच्या मधोमध अभिक्रिया केंद्र आहे, म्हणजे आलेल्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन सुटतो ती जागा, आणि कड्यातले रेणू त्यापासून सुमारे ४ नॅनोमीटर लांब. इतकं लांब का? कारण केंद्रातल्या रेणूंच्या जोडीने इलेक्ट्रॉन सोडला की तिला कुठून तरी दुसरा हवा असतो. कडं जवळ असतं तर तिने तो त्याच्याकडूनच ओढला असता, आणि प्रकाश पकडणारं कडंच बिघडलं असतं. ४ नॅनोमीटरवरून ऊर्जा उडी मारू शकते, इलेक्ट्रॉन नाही. मी ही प्रतिकृती किती वेळा फिरवून पाहिली, प्रत्येक वेळी या रिकाम्या जागेपाशीच थांबलो.

(दृश्य : अभिक्रिया केंद्र. पडद्याच्या आरपार सरकणारा ठिपका.)

पुढचं थोडक्यात. सुमारे ३ पिकोसेकंदांत इलेक्ट्रॉन सुटतो, २०० पिकोसेकंदांत तो पेशीतल्या पातळ पडद्याच्या पलीकडच्या बाजूला क्विनोन नावाच्या रेणूवर पोचतो, प्रोटॉन पडद्यापार ढकलले जातात आणि त्या दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. या केंद्राची रचना १९८५ मध्ये मांडणाऱ्या डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कृत्रिम प्रकाशसंश्लेषणावर काम करणारे आज याच कड्यांकडून शिकत आहेत.

(दृश्य : पुन्हा बरणी. हिरव्या पट्ट्यावर कॅमेरा.)

आणि लालच्या खालचा हा हिरवा पट्टा. हे हरित गंधक जिवाणू. यांची तऱ्हा वेगळी : एकेका पिशवीत लाखाहून जास्त रंगद्रव्याचे रेणू, प्रथिनाच्या आधाराशिवाय नुसते एकमेकांना धरून. काळ्या समुद्रात ८० ते १०० मीटर खोलवर, जिथे आपल्याला मिट्ट अंधार दिसेल, तिथे यांचे नातलग जगतात.

(दृश्य : दोन हात बरणी उचलून फिरवतात.)

बरणी आज अर्धी फिरवून ठेवली आहे. करडी बाजू आता खिडकीकडे आहे.