आतल्या वळणाचं यंत्र

(पडद्यावर: बँडसॉवर, म्हणजे पट्टीच्या यांत्रिक करवतीवर, नुकतीच कापलेली वक्र फळी. कडेला पात्याच्या खुणा.)

बाहेर फुगलेली गोलाई साफ करणं फारसं अवघड नसतं. डिस्क सँडर, म्हणजे पॉलिश पेपरची फिरती चकती चालते, बेल्ट सँडर, म्हणजे पॉलिश पेपरचा फिरता पट्टा चालतो, हात बसलेला असेल तर रंधाही चालतो. अडतं ते आत वळलेल्या कडेपाशी. सपाट असं काहीच तिथे नीट टेकत नाही. मग गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसायचं, आणि तासाभराने गुण्या लावून बघावं तर कड काटकोन सोडून गेलेली.

टेबलावर ठेवायचा स्पिंडल सँडर मुख्यतः याच एका कामासाठी आहे. टेबलातून वर आलेला उभा दांडा, त्यावर रबरी ड्रम आणि ड्रमवर पॉलिश पेपरची नळी, म्हणजे स्लीव्ह. वरचा नट आवळला की रबर दाबलं जातं, बाजूने फुगतं आणि स्लीव्हला आतून पकडतं.

(पडद्यावर: मंद गतीत, फिरत फिरत वरखाली होणारा ड्रम.)

दांडा फिरता फिरता वरखालीही होतो. या आकाराच्या बऱ्याच यंत्रांत मिनिटाला सुमारे २००० फेरे होतात, वरखाली हालचाल ५८ वेळा होते आणि तिचा पल्ला साधारण १६ मिलिमीटर असतो. हिशेब करून बघू. एकदा वर जाऊन खाली येईपर्यंत ड्रमचे ३४ फेरे होतात. तेवढ्यात कागद ३२ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका फेऱ्याला सरासरी जेमतेम एक मिलिमीटर! पण तेवढ्यानेच कागदाचा तोच कण लाकडावर लागोपाठ त्याच रेषेत घासला जात नाही. खोल चरे पडत नाहीत, उष्णता एका पट्ट्यात साठत नाही, कागद भुशाने लवकर बुजत नाही. नुसत्या जागच्या जागी फिरणाऱ्या ड्रमवर मेपल किंवा चेरीचं लाकूड जरा जास्त वेळ टेकवलं, तर जळल्याचा तपकिरी डाग पडलाच म्हणून समजा.

ड्रिल प्रेसला, म्हणजे भोकं पाडायच्या उभ्या यंत्राला, सँडिंग ड्रम लावून हे काम होत नाही का? होतं, कधीमधी. पण ड्रिल प्रेसची रचना वरून खाली येणाऱ्या दाबासाठी असते, बाजूच्या दाबासाठी नाही. ड्रिल पकडणारा जबडा, म्हणजे चक, नुसत्या निमुळत्या दांड्यावर (टेपरवर) बसवलेला असेल तर तो सैल होऊन निसटूही शकतो. वर्षातून दोन-चार वळणं घासायची असतील तर हलक्या हाताने तेवढ्यावर भागवा आणि पैसे वाचवा.

(पडद्यावर: लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले ड्रम.)

यंत्र घ्यायचंच ठरलं, तर जाहिरातीतला मोटरचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी ड्रमचे व्यास बघा. नेहमीच्या संचात १३, १९, २६, ३८, ५१ आणि ७६ मिलिमीटर असे व्यास मिळतात. वळणात बसेल तो सर्वांत मोठा ड्रम लावायचा, हा नियम. मोठ्या वळणात बारीक ड्रम फिरवला की कडेवर लाटा उठतात, आणि पॉलिश चढल्यावर त्या नेमक्या डोळ्यांत भरतात.

दुसरं कारण वेगाचं. फेरे तेवढेच, पण ७६ मिलिमीटरच्या ड्रमवर कागद मिनिटाला जवळपास ४७५ मीटर धावतो, तर १३ मिलिमीटरच्या दांड्यावर जेमतेम ८० मीटर. शिवाय बारीक स्लीव्हवर कागदच कमी. त्यामुळे ती हळू कापते आणि लवकर झिजते. तुमचं काम बहुतेक बारीक नक्षीचं असेल, तर हे यंत्र तुमची निराशा करेल. खुर्चीचे पाय, कमानी, गिटारची कंबर असं काही करणार असाल, तर मात्र ते घेतल्याचं चीज होईल.

टेबल ओतीव लोखंडाचं असेल तर उत्तम, ॲल्युमिनियमचंही चालतं. सपाट मात्र हवं. ड्रमभोवतीची फट बुजवणाऱ्या चकत्या प्रत्येक व्यासासाठी वेगळ्या मिळतात का ते बघा, नाहीतर लहान तुकडा फटीत कलंडतो. बऱ्याच यंत्रांत टेबल ४५ अंशांपर्यंत झुकतं, आणि तेव्हा लंबगोल भोकाची चकती लावावी लागते. खरं सांगायचं तर हे झुकणं फार कमी वेळा कामी येतं. झुकवलेलं टेबल परत ९० अंशांवर आणून घट्ट ठेवता येतं का, हे जास्त महत्त्वाचं.

दुकानात गुण्या सोबत न्या. टेबलावर ठेवून ड्रमला टेकवा. मग यंत्र चालू करायला सांगा आणि दांड्याच्या टोकाकडे बघत राहा. टोक डगमगताना दिसलं तर दुसरं यंत्र बघा.

(पडद्यावर: उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ.)

धुळीच्या बाबतीत तडजोड नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणारी म्हणून नोंदवली आहे. हे यंत्र बनवतं ती धूळ अतिशय बारीक असते. व्हॅक्यूमचा पाइप यंत्राच्या धूळ बाहेर टाकणाऱ्या तोंडाला घट्ट बसायला हवा आणि नाकावर मास्कही हवाच. हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या दांड्यात ते ओढले जातात.

कारखान्यात एकाच यंत्रापुरती जागा असेल तर उभा बेल्ट आणि स्पिंडल दोन्ही लावता येतील असं जोडयंत्र मी निवडेन. बदलाबदलीत थोडा वेळ जातो, पण सरळ कडा आणि बाहेरची गोलाईही त्यावरच होते.

आणि स्लीव्ह. २० मिलिमीटर जाडीची फळी आणि १६ मिलिमीटरचा पल्ला, म्हणजे कागदाचा फक्त खालचा ३६ मिलिमीटरचा पट्टा झिजतो. स्लीव्हची लांबी बहुधा ११४ मिलिमीटर असते. त्यावर दिशेचा बाण छापलेला नसेल तर ती उलटी करून लावा, दुसरं टोक कोरं मिळेल. तेही झिजलं की ड्रमपुरतं भोक पाडलेली एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून बनवलेली) जाड फळी टेबलावर क्लॅम्पने बसवा. काम तेवढं वर उचललं जातं आणि मधला पट्टाही वापरात येतो.